भाड्याचा फ्लॅट बघायला जाताय? पार्किंगच्या आधी ओसी विचारा

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा, आपल्याकडे फ्लॅट भाड्याने द्यायच्या आधी तो तपासायला कोणीही येत नाही. महापालिकेचा माणूस येत नाही, फायरवाला येत नाही, कोणीच नाही. एवढी मोठी बिल्डिंग आहे, लिफ्ट चालू आहे, लोक राहतायत म्हणजे कोणीतरी पास केलीच असेल की, असं आपण धरून चालतो. पोलीस व्हेरिफिकेशन होतं, पण ते तुमचं होतं, घराचं नाही. त्यामुळे तपासायचं ते तुम्हीच, आणि तेही टोकन द्यायच्या आधी, कारण एकदा टोकन खिशात गेलं की एजंटला तुमच्या प्रश्नांमध्ये काही इंटरेस्ट राहत नाही.

सगळ्यात आधी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. मंजूर नकाशाप्रमाणे बांधलंय आणि आत राहायला हरकत नाही असं महापालिकेने लिहून दिलेला कागद. एजंट बऱ्याचदा सीसी दाखवून "सगळे पेपर क्लिअर आहेत सर" म्हणतो, पण सीसी म्हणजे फक्त बांधकाम सुरू करायची परवानगी, त्यात राहायची परवानगी नाही. पार्ट ओसी असेल तर ती कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा, तुमचा नववा मजला आणि ओसी सातव्यापर्यंत असं निघू शकतं. मालकाने लोन काढून घर घेतलं असेल तर त्याच्या फाइलमध्ये कॉपी असतेच बहुतेक, नाहीतर सोसायटीच्या ऑफिसात. २०१७ नंतरचा प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर नाव टाकून बघा. आरटीआय पण टाकता येतो, फी १० रुपये, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे आणि तेवढ्यात फ्लॅट दुसऱ्याला गेलेला असतो.

आता महारेरा नंबर दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बिल्डिंगांचं प्रकरण आठवत असेल, महापालिकेच्या बनावट परवानग्या लावून रेरा नंबर मिळवले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. म्हणून बांधकाम परवानगीचा नंबर महापालिकेच्या साइटवर किंवा वॉर्ड ऑफिसात जुळवून बघायचा. प्रॉपर्टी टॅक्सची पावती आणि लाइट बिल हे तर पुरावेच नाहीत. अनधिकृत बांधकामालाही टॅक्स लागतो, पिंपरी-चिंचवडला लोकांनी वर्षानुवर्षं शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामावरचा दंडाचा कर, भरला, म्हणून काही ती घरं आपोआप अधिकृत झाली नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळलं, १७ माणसं गेली, ती बिल्डिंग अनधिकृतच होती आणि आत कुटुंबं वर्षानुवर्षं नीट संसार करत होती.

मग ओसी नसेल तर घ्यायचंच नाही का? प्रॅक्टिकली बोलायचं तर ओसी नसलेल्या बिल्डिंगा इतक्या आहेत की असं म्हणून चालणार नाही. बिल्डरने कुठले तरी पैसे थकवले म्हणून ओसी अडकलीय, पण सीसी वरच्या मजल्यापर्यंत आहे, असं असेल तर मी एकवेळ विचार करीन, फक्त पाण्याचं काय ते आधी विचारीन कारण अशा ठिकाणी पाणी जास्त रेटने किंवा टँकरने येतं आणि तो खर्च फिरून तुमच्याच मेंटेनन्समध्ये बसतो. पण परवानगीच नाही, किंवा पार्किंग बंद करून काढलेली खोली, किंवा टेरेसवर पत्रे टाकून केलेला वन आरके, हे भाडं कितीही कमी असलं तरी नको. नोटीस आली की घरमालक आधी तुम्हाला बाहेर काढतो.

जुनी बिल्डिंग असेल तर वेगळा प्रश्न. ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, करून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, सेक्रेटरीला सरळ विचारा रिपोर्ट कधीचा आहे आणि कॅटेगरी कुठली. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, तिथे विषय संपला. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक आत असतानाच स्ट्रक्चरल दुरुस्ती, म्हणजे तुमच्या डोक्यावर वर्षभर ठोकाठोकी आणि बाहेर परांची. सी-३ किरकोळ. पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक बिल्डिंगांची यादी काढतात, दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, चाळी-बिल्डिंगांची म्हाडा वेगळी काढते, त्यात नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

रिपोर्ट दाखवायला कोणी तयार नसेल तर पार्किंगमध्ये उतरा. फ्लॅटमध्ये ताजा रंग मारलेला असतो, पार्किंगमधल्या कॉलमला कोणी रंग मारत बसत नाही. कॉलमच्या खालच्या दोन फुटांत उभ्या सरळ भेगा, तपकिरी ओघळ, प्लास्टर फुगून आतली सळई दिसतेय, हे बघा. मग वर फ्लॅटमध्ये बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर आणि टॉयलेटच्या स्लॅबखाली बोटाच्या गाठीने ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर वरून लीकेज आहे आणि वरच्या फ्लॅटवाल्याशी भांडण चालू आहे असं समजा. शक्यतो पावसात घर बघा, ऑगस्टमध्ये भिंत खोटं बोलत नाही.

फायरचं लोक अजिबात विचारत नाहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्यात यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घ्यायचं असतं, त्याला फॉर्म बी म्हणतात. उंच बिल्डिंग असेल तर तो मागा, आणि जिन्याने एकदा चालत खाली या. जिन्यात चपलांची रॅक, जुना सोफा, सायकली, मीटर रूमसमोर स्कूटर आणि टेरेसच्या दाराला कुलूप असेल तर फॉर्म बी फ्रेम करून लावला तरी काय उपयोग. लिफ्टमध्ये लायसन्स लावलंय का तेही जाता जाता बघून घ्या.

आत आल्यावर डीबी, म्हणजे विजेच्या स्विचांचा मुख्य बॉक्स, उघडा, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा, खट्कन पडलं पाहिजे. नुसते एमसीबी, म्हणजे फक्त ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किटला पडणारे स्विच, असतील आणि बाथरूममध्ये गीझर असेल तर मालकाला बसवून घ्यायला सांगा, तुमच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमीच खर्च येतो. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो काढा किंवा बाथरूमच्या बाहेर घ्या, यात तडजोड नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतातच. खिडक्यांना बाहेर काढलेले बॉक्स ग्रिल असतील तर त्यातली एक तरी उघडते का बघा, आग लागली तर तिथूनच बाहेर पडता येईल.

आता अॅग्रीमेंट. "११ महिन्यांचंच आहे, नोटरी करून टाकू" हे वाक्य ऐकलं की समजून जा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अॅग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टरच करावं लागतं, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वर रजिस्टर नसेल तर वादात भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला प्रेमाने सांगितलं की तो स्वतःच रजिस्टर करायला निघतो. खर्च काही फार नाही, २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, ११ महिने धरले तर ०.२५ टक्क्याने स्टॅम्प ड्युटी सातशे-साडेसातशेच्या घरात, शहरात नोंदणी फी १,००० आणि बाकी एजंटची मजुरी. तो घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, आधारने काम होतं.

सोसायटीची एनओसी लागते असं कोणी अडवलं तर आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं एवढंच आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि ते मालकाचे आहेत, तुमच्या बिलात आले तर परत पाठवा. पोलीस स्टेशनला कळवणं पण मालकाचं काम, ऑनलाइन होतं, पोचपावतीची एक कॉपी तुमच्याकडे ठेवा.

चावी घ्यायच्या दिवशी रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा, ओल असलेल्या जागा, फुटलेली टाइल, मीटरचं रीडिंग आणि गॅसच्या पाइपवरची तारीख दिसेल असा, आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करून "मिळालं" असं उत्तर घ्या. गळती, वायरिंग, लिफ्टचा खर्च कोणाचा हे अॅग्रीमेंटमध्ये एका ओळीत लिहून घ्या, छापील फॉरमॅटमध्ये ते नसतं, टाइप करायला सांगावं लागतं.