गिरणीच्या जागेवर वस्ती: आराखडा मातीवरून काढा

लालबाग-परळकडची बंद गिरणी ताब्यात आली की पहिली बैठक एफएसआयवर, म्हणजे जमिनीवर किती बांधकाम करता येईल यावर होते. ती पुढे ढकला. आधी जुना नकाशा मिळवा आणि तिथे राबलेल्या दोन-तीन कामगारांना घेऊन आवारात फिरा. माती दूषित झाल्याचा संशय असलेल्या जागा, म्हणजे रंगखाते, ब्लीचिंग, फर्नेस ऑइलची टाकी, ट्रान्सफॉर्मर नकाशात सापडतील. बॉयलरची राख कुठे ओतायचे, ते फक्त त्यांनाच ठाऊक असते.

संशयाच्या जागी दर 10 मीटरवर, बाकी आवारात 25-30 मीटरवर बोअर घ्या. नमुने अर्धा, दीड आणि 3 मीटर खोलीवरचे, भूजलाचे वेगळे. तेलाचा वास येणारी माती काचेच्या बरणीत गच्च भरून बर्फात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत हलकी तेले टिकत नाहीत, अहवाल खोटाच स्वच्छ येतो.

तेलकट माती ओलसर ठेवून पालटत राहिले की जिवाणू तेल फस्त करतात, पण महिने जातात आणि पावसाआधी ढिगावर ताडपत्री लागते. शिसे, क्रोमियम जिवाणूंना पचत नाही. ती माती तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे पाठवा. पार्किंगचे तळघर ही माती काढलेल्या जागीच घेतले तर खोदाई एकदाच होते. खड्ड्यातले पाणी मात्र तपासल्याशिवाय पर्जन्यवाहिनीत सोडू नका.

सर्वांत महाग चूक शोषखड्ड्याची. तासाला 50 मिमी पाऊस पडला तर 1,000 चौरस मीटर छपरावरून 50,000 लिटर पाणी येते. ते दूषित मातीत मुरवले की धातू धुऊन थेट भूजलात. शोषखड्डे बोअरच्या नमुन्यांत स्वच्छ ठरलेल्या चौकटीतच; बाकीचे पाणी टाकीत.

अॅस्बेस्टॉसचे पत्रे पाणी मारून, गंजलेले हुक कटरने तोडून अख्खे उतरवा. ग्राइंडर नको, धागे हवेत जातात. सागवानी तुळया भिंतीत रुततात तिथे कुजतात; टोके ठोकून बघा. ओतीव लोखंडाच्या खांबांना वेल्डिंग करू नका, तडकतात. नवा आधार पट्ट्या आवळून द्या.

1991 च्या नियमाने गिरणीची एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला जायची. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. त्या तुटपुंज्या वाट्यात राखेचा कोपरा बागेला ढकलायचा मोह होतो. मुले मातीत खेळणार, म्हणून बागेला स्वच्छ चौकट द्या. राखेवरच बाग आली, तर आधी जिओटेक्स्टाइल (मातीचे थर वेगळे ठेवणारे कापड), वर मीटरभर बाहेरची माती. आणि मोठी झाडे तिथे नकोतच, मुळे तो थर फोडतात.