वीज आणि विकासाचा हिशेब मांडताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि गावाकडे माझे चार एकर ओलिताचे वावर आहे. त्यामुळे ऊर्जेचा वापर आणि देशाची आर्थिक वाढ हा विषय वर्गात मला आलेखांच्या रूपाने भेटतो, तर विहिरीवर मोटारीच्या आवाजातून. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची काही मुले प्रकल्पासाठी हाच विषय निवडतात आणि बहुतेक प्रकल्पांत त्याच त्या चुका पुन्हा दिसतात. त्या मुलांपुरत्याच आहेत असेही नाही, कारण वर्तमानपत्रांतील लेखांत आणि ग्रामसभेतल्या भाषणांतही त्या तितक्याच ठामपणे मांडलेल्या आढळतात. राज्याला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा ज्या भागातून जातो, त्या भागातील लोकांनी तरी हा हिशेब काटेकोर मांडावा असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दोन रेषा सोबत चढल्या की नाते सिद्ध झाले, असे मानणे

प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर बहुधा दोन रेषा असतात. एक देशाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाची, दुसरी विजेच्या वापराची. दोन्ही डावीकडून उजवीकडे चढत जातात आणि खाली वाक्य असते की वीज वाढली म्हणून उत्पन्न वाढले. काळानुसार वाढत जाणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तरी त्यांचे नाते घट्टच दिसते. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या अशा मालिकांतूनही संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर भक्कम वाटणारे नाते निघू शकते.

नाते खरे असले तरी त्याची दिशा कोणती, हा प्रश्न उरतोच. जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी १९७८ मध्ये अमेरिकेची १९४७ ते १९७४ या काळातील आकडेवारी तपासली, तेव्हा उत्पन्न वाढल्यामुळे ऊर्जेचा वापर वाढतो, उलट नव्हे, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर वेगवेगळ्या देशांवर असे असंख्य अभ्यास झाले आणि त्यांत कुठे उलटी दिशा निघाली, कुठे दोन्ही दिशा निघाल्या, तर कुठे काहीच नाते सापडले नाही. म्हणून ‘अभ्यासांनी सिद्ध केले आहे’ असे वाक्य कोणी लिहिले, तर कोणत्या देशाचा आणि कोणत्या काळाचा अभ्यास, एवढे तरी आधी विचारावे.

यावर उपाय सोपा आहे. एकूण आकडे मांडण्याऐवजी दरवर्षी किती टक्के वाढ किंवा घट झाली ते मांडावे आणि घटीचे महिने आवर्जून पाहावेत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशातील विजेची मागणी जवळपास पाव हिश्श्याने घसरली आणि त्या तिमाहीचे उत्पन्नही साधारण तेवढेच घसरले. तेव्हा वीज कमी पडली नव्हती. कारखाने आणि दुकाने बंद होती, म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हते. घटीच्या काळात दिशा अशी उघडी पडते, चढत्या काळात ती झाकलेली राहते.

मागणी वाढली म्हणजे भरभराट झाली, असे समजणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिचा खुलासा आमच्या शिवारातच मिळतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि लगेच सप्टेंबरच्या आरंभी देशाची विजेची कमाल मागणी २४० गिगावॉटच्या (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) आसपास पोहोचली. केवळ आकडा पाहणारा माणूस यातून अर्थव्यवस्था जोरात असल्याचा अर्थ काढील. प्रत्यक्षात त्या मागणीत उन्हाळ्यासारख्या उकाड्याचा आणि पावसाने ताण दिल्यामुळे विहिरींवर चालू झालेल्या पंपांचा मोठा भाग होता. ज्या पिकाला फुकटचा पाऊस मिळायला हवा होता, त्याला विजेने पाणी द्यावे लागले, म्हणजे वीज अधिक लागली आणि धान्य मात्र वाढले नाही, फार तर नुकसान थोडे कमी झाले. पुढच्याच वर्षी ३० मे २०२४ रोजी मागणीने २५० गिगावॉटचा टप्पा गाठला, तेव्हा उत्तर भारतापासून विदर्भापर्यंत उष्णतेची लाट होती आणि घरोघरी कूलर व पंखे दिवसरात्र चालू होते. माणसे उष्माघातापासून वाचणे ही लाखमोलाची गोष्ट आहे, पण ते नवे उत्पादन नव्हे.

दुसरी बाजू आमच्या विहिरीवरची. पाच अश्वशक्तीचा पंप नवा होता तेव्हा पाइपाच्या तोंडाशी ठेवलेला दोनशे लिटरचा ड्रम बावीस सेकंदांत भरत असे. काही वर्षांनी, दोनदा जळून वायंडिंग करून आणलेल्या त्याच मोटारीवर, तोच ड्रम भरायला पस्तीस सेकंद लागू लागले. मोटार पूर्वीसारखीच घरघरत होती आणि मीटरही जवळपास पूर्वीच्याच वेगाने फिरत होते, पण एकाच ड्रमासाठी आता दीडपटीहून अधिक वीज जात होती. शोध घेतला तेव्हा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे ओढीच्या पाइपाच्या तळाशी बसणारी झडप, जिला गावात सगळे फुटबॉल म्हणतात, अर्धा गाळाने भरलेला निघाला, ओढीच्या पाइपाचा एक जोड हवा घेत होता आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असल्याने मोटार तापत होती. फूटव्हॉल्व्ह बदलून जोड पक्का केल्यावर वेळ चोवीस सेकंदांवर आला. मधल्या काळात आमच्या वावरातील ‘ऊर्जेचा वापर’ वाढलेला होता आणि उत्पन्नात एका क्विंटलचीही भर पडलेली नव्हती. अशा लाखो पंपांची बेरीज राज्याच्या आकडेवारीत शिरते, तेव्हा ती शेतीच्या प्रगतीचा पुरावा म्हणून वाचली जाते.

त्यातही एक पोटचूक आहे. राज्यातील अनेक कृषिपंपांना मीटरच नाही आणि त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. त्यामुळे शेतीच्या विजेचा आकडा वापरताना तो मोजलेला आहे की अंदाजलेला, हे प्रकल्पात स्पष्ट लिहिले पाहिजे. अंदाजाच्या आकड्यावर दशांश चिन्हानंतर दोन घरे लिहून भागत नाही.

जिथे वीज तयार होते तिथेच तिचा लाभ झाला, असे गृहीत धरणे

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोराडी आणि खापरखेडा नागपूरजवळ आहेत, तिरोडा गोंदिया जिल्ह्यात आहे. एवढी वीज ज्या प्रदेशात तयार होते तो प्रदेश श्रीमंत असला पाहिजे, असा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी ऐकतो. जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या आकड्यात केंद्राने निर्माण केलेले मूल्य दिसतेही, पण त्या विजेवर चालणारी यंत्रे, त्यांवर काम करणारे मजूर आणि त्यातून उभे राहणारे धंदे शेकडो किलोमीटरवर असू शकतात. राख आणि खाणीतील मातीचे ढिगारे मात्र इथेच राहतात, आणि पाणीही इथल्याच धरणांतून जाते. निर्मितीचा आकडा आणि वापराचा आकडा वेगवेगळे मांडल्याशिवाय हा फरक दिसत नाही. १९८४ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रादेशिक अनुशेष मोजताना ग्रामीण विद्युतीकरण हा वेगळा विषय म्हणून धरला होता. वीज केंद्राचा शेजार आणि घरातली वीज या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कापसाचेही तसेच आहे. आमच्याकडच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ट्रक निघून जातो. सूतकताई, विणकाम आणि रंगाई या अधिक वीज खाणाऱ्या आणि अधिक मूल्य जोडणाऱ्या पायऱ्या बहुतांश दुसरीकडे होतात.

हाच प्रकार देशांच्या पातळीवर घडतो. डेन्मार्कचे उत्पन्न १९८० नंतर सुमारे दुप्पट झाले आणि ऊर्जेचा एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला. अमेरिकेतही २००० ते २०१९ या काळात उत्पन्न सुमारे दीडपट झाले, ऊर्जा मात्र फारशी वाढली नाही. यात घरे उबदार ठेवण्याच्या सुधारलेल्या पद्धती, चांगली यंत्रे आणि सेवाक्षेत्राची वाढ यांचे श्रेय खरे आहे. पण पोलाद आणि कापड यांसारख्या वस्तूंचा काही भाग आता इतर देशांत तयार होऊन तिकडे जातो आणि त्यासाठी जळलेला कोळसा त्या इतर देशांच्या खात्यावर पडतो. श्रीमंत देशाचे उदाहरण देताना आयात मालात दडलेली ऊर्जा विचारात घेतली आहे का, हे तपासावे. ती घेतल्यावर फरक पूर्ण नाहीसा होतो असे नाही, मात्र तो कमी होतो.

कोळसा, वीज आणि चुलीतली काडी एकाच मापाने मोजणे

विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. ते तयार करण्यासाठी औष्णिक केंद्रात साधारण २,४०० किलोकॅलरींचा कोळसा जाळावा लागतो आणि उरलेली उष्णता शीतमनोऱ्यांतून व धुराड्यातून निघून जाते. एका तक्त्यात जाळलेला कोळसा आणि दुसऱ्यात घरी पोहोचलेली वीज धरली, तर दोन्ही तक्ते ‘ऊर्जा’ या एकाच नावाने वावरतात आणि उत्तरे जुळत नाहीत. कोळशाच्या जागी सौर वीज आली की काही पद्धतींच्या हिशेबात देशाची मूळ ऊर्जा, म्हणजे जाळलेल्या इंधनासह धरलेली एकूण ऊर्जा, एकदम घटलेली दिसते, जरी पंप तेवढाच चालला आणि दिवा तेवढाच लागला.

चुलीकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या बांधून अंगणात रचून ठेवायच्या आणि वर्षभर त्यांवर स्वयंपाक करायचा, ही रीत अजून अनेक घरांत आहे. या सरपणाला ना बिल आहे ना पावती, त्यामुळे व्यापारी ऊर्जेच्या आकड्यांत ते येत नाही. साध्या चुलीत त्यातील फार थोडी उष्णता भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीवर तिच्या कितीतरी पट लागते. घरात सिलिंडर आला की एकूण जळणारी ऊर्जा कमी होते आणि बाईच्या डोळ्यांतला धूर जातो, पण सरपण न मोजणाऱ्या तक्त्यात मात्र त्या घराचा ऊर्जावापर वाढलेला दिसतो. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच सरपण धरले आहे की नाही, हे एका वाक्यात नोंदवावे.

रुपयांच्या बाबतीत थोडक्यात एवढेच की उत्पन्न चालू किमतीत घेऊ नये, स्थिर किमतीत, म्हणजे एका ठरावीक वर्षाच्या भावांत घ्यावे, नाहीतर महागाईलाच विकास म्हटले जाईल. देशादेशांची तुलना करताना डॉलरचा बाजारभाव लावला तर भारत दर डॉलरमागे फार ऊर्जा उधळणारा देश दिसतो, आणि क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या त्या देशात पैशाला किती माल येतो ते धरून, हिशेब केला तर तो जगाच्या सरासरीच्या जवळपास येतो. कोणता भाव वापरला ते लिहिले नसेल, तर त्या तुलनेवर विसंबू नये.

बचतीमुळे वापर आपोआप घटेल, ही समजूतही तपासून घ्यावी. इंग्लंडमध्ये वाफेची यंत्रे सुधारली तसा कोळशाचा खप उलट वाढत गेला, हे अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच नोंदवले होते. सौरपंप बसल्यावर बिलाची धास्ती संपते आणि गरज नसतानाही पाणी चालू ठेवण्याचा मोह होतो, हे मी शेजारच्या वावरात पाहतो.

खर्चातला वाटा लहान, म्हणून महत्त्व लहान, असा उलटा निष्कर्ष

वरच्या चुका दाखवल्या की काही मुले दुसऱ्या टोकाला जातात. देशाच्या एकूण खर्चात ऊर्जेचा वाटा थोडा असतो, म्हणून वाढीशी तिचा फारसा संबंध नाही, असे ती लिहितात. १९७३ मध्ये खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत सुमारे चौपट झाली आणि जगभर मंदी आली. १९९०-९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी तेल महागले आणि आधीच अडचणीत असलेली भारताची परकीय गंगाजळी तळाला गेली. मिठाचा खर्च घरात नगण्य असतो, तरी मिठावाचून स्वयंपाक होत नाही.

शिवाय आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हेही पाहिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये भारतात दरडोई विजेचा वापर १,३९५ युनिट होता, तर अमेरिकेत तो १२,००० युनिटांच्या वर आहे. तिकडे आणखी शंभर युनिटांनी फारसे काही बदलत नाही. इथे तेवढ्यात पिठाची गिरणी, दवाखान्यातील लसीचा फ्रीज किंवा रब्बीचे एक पाणी साधते. पण ते साधण्यासाठी वीज योग्य वेळी आणि पुरेशा दाबाने यावी लागते आणि कोणत्याही राष्ट्रीय तक्त्यात ही गोष्ट नसते. जुन्या व्याख्येप्रमाणे दहा टक्के घरांत आणि शाळा, ग्रामपंचायत अशा सार्वजनिक ठिकाणी वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत ठरत असे, आणि त्याच व्याख्येने एप्रिल २०१८ मध्ये देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. शेतीला थ्री फेज, म्हणजे पंप चालवणारी वीज, मात्र पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन वावरात जाणाऱ्या माणसाला साप, रानडुक्कर आणि चंद्रपूरकडे वाघ यांची भीती असते. दिवसा वीज द्यावी ही मागणी त्यातूनच उभी राहिली आणि सौर प्रकल्पांतून शेतीपंपांना दिवसा वीज देणारी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये त्यासाठीच आली.

गेल्या रब्बीत एका विद्यार्थिनीने वडिलांच्या विहिरीवर महिनाभर वही ठेवली. तारीख, थ्री फेज आल्याची आणि गेल्याची वेळ, व्होल्टेज, मीटरचे वाचन, ड्रम भरायला लागलेले सेकंद आणि हरभऱ्याचा भिजलेला भाग असे सहा रकाने तिने आखले होते. दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीत युनिटे जवळपास सारखीच पडली. भिजलेले क्षेत्र मात्र रात्री दर वेळी कमी निघाले, कारण अंधारात स्प्रिंकलरचे पाइप वेळेवर हलवायला कोणी थांबत नव्हते आणि एकाच जागी पहाटेपर्यंत पाणी पडत राहत होते.