पन्हाळा बघायचा तर आधी वेढ्यात सापडा

कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं चौथीला शिकवलं. चौथी म्हणजे इतिहासाला शिवाजी महाराज, आणि महाराज म्हणजे आमच्याकडे सहल पन्हाळ्याला. निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले. तर आता पुण्या-मुंबईचे पाहुणे सुरू झाले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिथं पॉइंट किती आहेत?" या शब्दाची मला चीड आहे. पॉइंट मोजायचे तर जीपवाला तुम्हाला दोन तासांत सगळे दाखवून परत बसस्टँडवर सोडतो. फोटो शंभर निघतात, आणि घरी गेल्यावर कुठला फोटो कुठला हे सांगता येत नाही.

मी काय करायची ते सांगते. एसटी वाघबीळ सोडून घाट चढायला लागली की मुलांना विचारायची, "गडाला वेढा पडलाय. चार महिने बाहेर जाता येणार नाही. काय काय लागेल?" एका वर्षी पहिलं उत्तर आलं, "चार्जर!" गाडी हसून हसून आडवी झाली. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बाई, पाणी." दुसरा म्हणाला, "जेवण." आणि तिसरा, जो वर्गात कायम दाराकडे बघत बसायचा, तो म्हणाला, "पळून जायला वाट." झालं! पाणी, धान्य, वाट. या तीन शब्दांवर अख्खा पन्हाळा बघून होतो. देव कुणी म्हणालं नाही, तो मीच घालायची.

हे काही बनवून सांगितलेलं गणित नव्हे. अफझलखानाच्या वधानंतर अठराव्या दिवशी, म्हणजे २८ नोव्हेंबर १६५९ ला, महाराजांनी हा गड घेतला. पुढच्याच मार्चमध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि जुलैपर्यंत हलला नाही. तेव्हा गड नवा नव्हता. शिलाहार राजा दुसरा भोज बाराव्या शतकाच्या शेवटी इथं राज्य करत होता. मग यादव, बहामनी, आदिलशाही असं करत तो मराठ्यांकडे आला. म्हणून इथं फारसी शिलालेख, गणपती, शिवलिंग आणि दर्गा हे सगळं एकाच दिवसात भेटतं.

आता जाण्याचं. कोल्हापुरातून अंतर वीसेक किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. शक्य असेल तर मधला वार धरा. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि वर अंधार बावीच्या पायऱ्यांवर तीच रांग माणसांची लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गड देखणा दिसतो असं सगळे सांगतात. खरं म्हणजे पावसाळ्यात गड दिसतच नाही, धुकं दिसतं. पण ज्यांना ते हवंय त्यांनी खुशाल जावं, फक्त घसरणार नाहीत अशा चपला-बूट आणि जाड कपडे घेऊन. बॅटरी मात्र बाराही महिने बरोबर हवी, मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. वर शिरताना नाक्यावर प्रवासी कर घेतात, सुटे पैसे हाताशी ठेवा.

घाट संपतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, इंग्रजांनी १ डिसेंबरला तटाला भगदाड पाडून गड घेतला, आणि मग तटबंदी मोडायला काढली. चार दरवाजा त्यातच गेला. आज आपण ज्या डांबरी रस्त्यानं आरामात आत शिरतो तिथं शिरणं एके काळी मुश्कील होतं, एवढं लक्षात ठेवून पुढं व्हा. बाजीप्रभूंचा पुतळा लागतो. तिथं फोटो काढा, पण फार वेळ घालवू नका. सकाळची वेळ बावीसाठी राखून ठेवायची आहे.

पहिलं पाणी. अंधार बाव पश्चिमेच्या तटाजवळ, तीन दरवाजाला लागूनच. बाहेरून बघितलं तर विहीर वाटतच नाही, काळ्या दगडाची बुटकी इमारत वाटते. तोच तर डाव आहे. शत्रूनं गड वेढला की पहिलं काम पाण्यात विष कालवायचं, म्हणून पाणी इमारतीच्या पोटात लपवलेलं. आत तीन मजले. वर पहारेकऱ्यांची जागा, मधल्या मजल्यावर तटाबाहेर जाणारी वाट, आणि तळाला पाणी. भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत. पायऱ्या वळणाच्या आणि झिजलेल्या, एका बाजूला हात टेकून उतरा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं द्या. बहुतेक लोक तेवढ्यात "आत काही नाही" म्हणून वर येतात.

या बावीनं एकदा माझ्या तोंडचं पाणी पळवलं. चव्वेचाळीस पोरं आत गेली, वर आली त्रेचाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा त्रेचाळीस. मी खाली पळाले. मधल्या मजल्यावर, बाहेरचा उजेड येतो तिथं, एक मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बाहेरच्या झाडीकडे बघत बसलेली. मी ओरडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, मी पहारा देत बसलोतो." (आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, पाहुण्यांनी दचकू नये.) मी काही बोलले नाही. तिच्या शेजारी जाऊन बसले. तिथून खरंच खालचं सगळं दिसतं, आणि खालच्याला आपण दिसत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याला त्या मजल्यावर पाच मिनिटं गप्प बसवते.

बाहेर आलात की तीन दरवाजा. नाव ऐकून लोक एका ओळीत तीन कमानी शोधतात. तसं नाही. एकामागून एक दरवाजे आणि मध्ये चौक. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू चौकात चहूबाजूंनी मारात सापडायचा. चौकाच्या मधोमध उभं राहा आणि आपल्यावर कुठून कुठून नेम धरता येईल ते बघा, मग दगडाचा डाव कळतो. वर फारसी शिलालेख आहे, बारीक नक्षी आहे आणि गणपतीही आहे. मान वर करून बघा, घाईत तो सुटतो. आणि हो, त्या दगडावर अमुक लव तमुक कोरणारे महाभाग अजून आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात पन्हाळा आहे. ती पाटी लावून कोरणं थांबत नाही, शेजारच्यानं हटकावं लागतं. मी हटकते. शिव्या खाते, पण हटकते.

भूक इथंच भागवा. तीन दरवाजाच्या आसपास बायका चुलीवर भाकरी थापत असतात. झुणका, खरडा, कांदा आणि घट्ट दही. खरडा तिखट असतो, आधी बोटाच्या टोकाएवढा घेऊन बघा. पुण्याच्या माझ्या व्याह्यांनी "कोल्हापूरचं तिखट काय असतं बघू" म्हणत चमचाभर तोंडात टाकला आणि नंतरचा तासभर ते इतिहासावर एक शब्द बोलले नाहीत.

आता धान्य. अंबरखान्याला बरोबर दुपारी जा. बाकी जग दुपारी सावली शोधतं, मी इथं मुद्दाम ऊन डोक्यावर असताना नेते. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. सगळ्यात मोठी गंगा कोठी, तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे असं सांगतात. खंडी म्हणजे वीस मण, हिशेब तुम्ही करा. वरी, नाचणी, भात साठवायचे. आत सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणाच्या छताला एक भोक. बाहेरून जिन्यानं पोती छतावर न्यायची आणि भोकातून धान्य आत सोडायचं. भर दुपारी त्या भोकांतून उन्हाचे खांब सरळ जमिनीवर उतरतात. त्यांत धूळ तरंगत असते, वटवाघळांचा उग्र वास असतो, आणि भिंतींची जाडी बाहेरच्या उन्हाला आत येऊ देत नाही. मुलं एकेका खांबात उभी राहून "मी नाचणी, मी भात" म्हणायची. छतावर जायचा जिना बंद असेल तर कुंपण ओलांडू नका, खालूनच सगळं कळतं.

देव दुपारनंतर. सोमेश्वराचं देऊळ तळ्याकाठी आहे, शांत. महाराजांनी आणि हजार मावळ्यांनी इथं लाख चाफ्याची फुलं वाहिली अशी आठवण सांगतात. मी मोजायला नव्हते, पण कुणी चाफा घेऊन आलेलं दिसलं की बरं वाटतं. अंबाबाईचं देऊळ जुनं, छोटं, तिथं गावातल्या बायका रोजच्या सवयीनं येतात. पन्हाळा हे नांदतं गाव आहे, हे इथं सगळ्यात चांगलं कळतं. गाभाऱ्यात फोटो काढायचा तर आधी पुजाऱ्यांना विचारा. ओटी भरणाऱ्या बाईच्या खांद्यावरून मोबाईल पुढं करू नका. चपला बाहेर, आवाज खाली, एवढं केलंत की तुम्हाला कुणी पाहुणा समजत नाही.

संभाजी मंदिराशी हमखास घोटाळा होतो. लोक भावुक होऊन महाराजांच्या ज्येष्ठ पुत्राला नमस्कार करतात. हे दुसरे संभाजी, राजाराम महाराजांचे चिरंजीव, कोल्हापूरचे छत्रपती. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि सातारा-कोल्हापूर या दोन गाद्या रीतसर वेगळ्या झाल्या, तो यांच्या काळात. छोट्या गढीसारखं आवार आहे. समोर त्यांच्या राणीची, जिजाबाईंची समाधी आहे, आणि इथंही नावामुळं तोच घोटाळा. नमस्कार जरूर करा, कुणाला करतोय ते माहीत असू द्या. ताराराणींचा वाडा जवळच, पन्हाळा राजधानी होता त्या दिवसांतला. अनेक वर्षं त्यात शाळा भरायची, म्हणून मला तो जरा जास्तच आवडतो. सादोबाचा दर्गा आणि तळंही वाटेत करा. तिथं नवस बोलणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसं दिसतील. पराशर ऋषींची म्हणून सांगतात ती लेणी आणि बागा वेळ उरला तर. मोरोपंत १७२९ मध्ये या गडावर जन्मले, एवढं मात्र शाळेत आर्या घोकलेल्यांनी आठवावं.

सज्जा कोठीला उन्हं उतरल्यावर जा. ती पूर्वेच्या कड्यावर आहे, संध्याकाळी ऊन पाठीमागून येतं आणि खालची शेतं, वाड्या एकेक करून उजळतात. छत्रपती संभाजीराजे दिलेरखानाकडून परतले ते पन्हाळ्यावर, आणि पिता-पुत्रांची शेवटची भेट इथंच गडावर झाली, जानेवारी १६८० मध्ये. एप्रिलमध्ये महाराज गेले. हे सांगितल्यावर वर्गातली सगळ्यात दांडगट पोरंही गप्प व्हायची. मी पुढं काही सांगत नसे.

शेवटी वाट. राजदिंडी म्हणजे गडाबाहेर निघणारी छोटी आडवाट, ती बघायला थोडं विचारत जावं लागतं, आणि गेल्यावर पाहुणे म्हणतात, "एवढंसंच?" हो, एवढंसंच. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढी पौर्णिमा, पण आभाळ भरलेलं. याच वाटेनं महाराज निसटले, सहाशे मावळे बरोबर. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसले, पकडले गेले आणि मारले गेले. मागून येणारी फौज बाजीप्रभूंनी घोडखिंडीत अडवली, महाराज विशाळगडी पोचले, आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली. शिवा काशीदांचा पुतळा गडावर आहे, समाधी पायथ्याच्या नेबापुरात. लोक बाजीप्रभूंपाशी थांबतात आणि यांच्यापाशी गाडीतूनच हात जोडतात. तुम्ही उतरा. ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांनी जुलैत निघणाऱ्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत चालावं. दोन दिवस चिखल, पाऊस आणि जळवा. मी एकदाच गेले, मसाई पठारापर्यंत, आणि मुकाट्यानं परतले.

मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिबा करा, जवळच आहे. आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. चैत्र पौर्णिमेला मात्र नुसतं बघायला म्हणून जाऊ नका. त्या दिवशी सासनकाठ्या, गुलाल आणि "चांगभलं"च्या गजरात लाखो माणसं असतात, जायचं तर भाविक म्हणूनच जायचं. पांढरे कपडे घातलेत तर ते पुन्हा पांढरे होणार नाहीत.

त्याच दिवशी परतणार असाल तर शेवटच्या एसटीची वेळ सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. आणि गाडीत बसलात की डोकी मोजा.