रुमालाच्या कडेला आर्मेनियन सुईलेस कशी विणावी

क्रोशा येणाऱ्या बायका ही लेस पहिल्यांदा पाहतात तेव्हा सवयीने साखळ्या आणि खांब शोधू लागतात. इथे ते काहीच नसते. सगळी जाळी गाठींची असते. एक गाठ, मग दोऱ्याची छोटी कमान, मग पुन्हा गाठ. पुढच्या ओळीतली गाठ आधीच्या ओळीच्या कमानीत पडते. साहित्य म्हणजे सुई, दोरा आणि कात्री.

ऐंताब, मराश, खारपेर्त अशा अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) गावांतल्या आर्मेनियन बायका डोक्याच्या रुमालांना, टेबलावरच्या कापडांना, आतल्या कपड्यांनासुद्धा ही लेस लावत. युरोपात लेस मुख्यतः श्रीमंतांच्या अंगावर दिसे, इकडे ती घरोघरी होती. 1915 च्या आर्मेनियन नरसंहारात घरेदारे गेली. सीरियातल्या अलेप्पोला आणि लेबनॉनमधल्या बैरूतला पोचलेल्या बायकांनी आणि अनाथ मुलींनी सुईकामावर पोट भरले. आज आर्मेनियाची राजधानी येरेवानच्या व्हेर्निसाज बाजारात गालिचे, चांदीचे दागिने आणि ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या) माळा यांच्या शेजारी लेसचे गोल रुमाल मांडलेले दिसतात. तुर्कस्तानातली ओया आणि ग्रीसमधली बिबिला याच घराण्यातल्या. ओयात रंगीबेरंगी फुले असतात, आर्मेनियन काम बहुधा पांढरे किंवा हस्तिदंती.

साहित्य

दोरा घट्ट पिळाचा सुती हवा. शिकताना क्रोशाचा 40 नंबरचा घ्या, हात बसला की 60 किंवा 80. भरतकामाचा सहापदरी दोरा अजिबात नको, त्याचे पदर सुटतात आणि गाठीत अडकतात. सुई बारीक आणि लहान. एका वेळी 60–70 सेंटीमीटरच दोरा ओवा, जास्त लांब घेतला की गुंता होतो. कापड म्हणून 30 सेंटीमीटर चौरस मलमलचा रुमाल घ्या. त्याच्या कडा आधी दुमडून शिवलेल्या असाव्यात.

गाठ

सगळी कला इथे आहे, म्हणून घाई करू नका. रुमाल डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा, कड वरच्या बाजूला. दोऱ्याचे टोक शिवणीत लपवून पक्के करा. काम डावीकडून उजवीकडे करा (डावखुऱ्यांनी उलट).

पहिल्या जागेपासून तीनेक मिलिमीटर अंतरावर सुई कापडाच्या मागून पुढे घाला, पण पूर्ण ओढू नका, अर्धी अडकलेली ठेवा. आता सुईच्या नेढ्याजवळचा दोरा घ्या आणि पुढे आलेल्या टोकाभोवती एकाच दिशेने दोनदा गुंडाळा. मग सुई वर, कडेपासून दूर ओढा. दोरा पूर्ण आवळायच्या आधी मागच्या गाठीपासूनची कमान डाव्या अंगठ्याने दाबून हवी तेवढी ठेवा आणि मगच गाठ घट्ट करा. काजटाका येत असेल तर हात लगेच वळेल. काजटाक्यात दोरा सुईखालून एकदा जातो, इथे दोन वेढे पडतात आणि त्यामुळेच गाठ जागची हलत नाही. कमान ओढून पाहा. गाठ सरकली तर वेढा एकच पडलाय किंवा ढिला राहिलाय.

नवशिके सगळे लक्ष गाठीकडे देतात. माझ्या मते लक्ष कमानीवर हवे. गाठी चार दिवसांत सारख्या येऊ लागतात, पण कमानी लहानमोठ्या झाल्या तर लेस वेडीवाकडी दिसते आणि ती इस्त्रीने सुधारत नाही. सुरुवातीला प्रत्येक कमानीत काडेपेटीची काडी जेमतेम मावेल एवढेच माप ठेवा. दुसरे म्हणजे, ही लेस क्रोशासारखी सर्रकन उसवता येत नाही. आवळलेली गाठ सुईच्या टोकाने एकेक सोडवावी लागते, नाहीतर कापावी लागते. याचा फायदाही आहे. वापरताना एखादा दोरा तुटला तरी शेजारची जाळी उसवत जात नाही.

पायाची ओळ

आधी रुमालाच्या चारही बाजूंना नुसत्या कमानींची एक ओळ पूर्ण करा. 30 सेंटीमीटरच्या बाजूवर 96 कमानी बसवा. त्रिकोणाला 6 लागतात, म्हणजे प्रत्येक बाजूला बरोबर 16 त्रिकोण येतील. पेन्सिलीने दर सहा कमानींच्या अंतरावर फिकट खूण करून ठेवा. कोपऱ्यात एकाच भोकात दोन-तीन गाठी घ्या, नाहीतर लेस तिथे ताणली जाऊन रुमालाचा कान दुमडतो.

त्रिकोण

सहा कमानींपैकी प्रत्येकीत एक गाठ बांधा. सहा गाठींमध्ये पाच कमानी तयार होतील. आता दोरा सरळ डावीकडे, ओळीच्या सुरुवातीला न्या आणि तो त्या पाच कमानींच्या माथ्यावर पडू द्या. पुढच्या ओळीची प्रत्येक गाठ कमान आणि हा परतीचा दोरा, दोन्ही सुईवर घेऊन बांधा. परतीचा दोरा कचकन ओढला तर त्रिकोण चुणतो, सैल सोडला तर लोंबतो. तो ओळीवर नुसता टेकलेला असावा.

पाच गाठींत चार कमानी, मग तीन, दोन, एक, आणि शेवटच्या कमानीत एक गाठ. हे शिखर. एका त्रिकोणात पायाच्या वरती 21 गाठी होतात. शिखरावरून उजव्या उतारावर प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक गाठ घेत खाली पायाच्या ओळीवर या आणि पुढचा त्रिकोण सुरू करा. दोरा संपत आला की नवा दोरा जुन्याला बांधा आणि दोन्हींची टोके पुढच्या काही गाठींखाली धरून टाका. त्रिकोणाच्या शिखराजवळ हे करू नका, तिथे जोड लपत नाही.

गोल आणि कानातले

हीच गाठ दोऱ्याच्या छोट्या कड्यावर घातली की गोल सुरू होतो. पेन्सिलीभोवती दोन वेढे घेऊन कडे करा, त्यावर 12 गाठी बांधा आणि फेऱ्या वाढवत न्या. वर्तुळ वाटीसारखे वळू लागले तर कमानी कमी पडताहेत, पुढच्या फेरीत काही कमानींत दोन-दोन गाठी घ्या. तीन-चार फेऱ्यांचा गोल चांदीच्या हुकात अडकवला की कानातले तयार.

धुणे आणि खळ

कोमट साबणपाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलवर पसरा. प्रत्येक शिखर टाचणीने टोचून सुकू द्या. टाचण्या गंजणाऱ्या नसाव्यात, पांढऱ्या दोऱ्यावरचा गंजाचा डाग निघत नाही. कानातल्यांना ताठरपणा हवा म्हणून खळ द्यावी लागते. तांदळाची कांजी छान बसते, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि झुरळे लागतात. तिथे सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ब्रशने लावणे बरे.