बहुस्तरीय प्रकाशीय लेपाची संगणकीय आखणी
काचेवर एकावर एक पातळ थर देऊन तिचे परावर्तन हवे तसे बदलणारा लेप आखताना, प्रथम थरातून जाताना प्रकाश कसा बदलतो हे सांगणारे २ × २ मॅट्रिक्स प्रत्येक थरासाठी मांडावे. लंब किरणासाठी त्यातील कलाकोन (थर ओलांडताना प्रकाशलहरीच्या कलेत पडणारा फरक) २π × अपवर्तनांक × जाडी ÷ तरंगलांबी इतका असतो. या मॅट्रिक्सांचा गुणाकार हवेकडून काचेकडे, क्रम न बदलता करावा, आणि प्रत्येकाचा निश्चयक १ येतो ना, हे पाहावे. या गुणाकारातूनच लेपाचे परावर्तन काढता येते.

पडताळणीसाठी एकच थर पुरतो: १.५२ अपवर्तनांकाच्या काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा (१.३८) सुमारे १०० नॅनोमीटर थर दिल्यास ५५० नॅनोमीटरला परावर्तन ४.३ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर उतरले पाहिजे. हे जुळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग थरांच्या जाड्या बदलत, अपेक्षित व गणिताने आलेल्या परावर्तनातील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करावी. शोध बहुधा स्थानिक किमानात, म्हणजे आसपासच्या जाड्यांपेक्षा बरे पण सर्वोत्तम नसलेल्या उत्तरात, अडकतो. तेव्हा योग्य जागी अतिशय पातळ नवा थर घुसवून जाड्या पुन्हा सुधारणारी सुई-पद्धत मला यादृच्छिक सुरुवातींपेक्षा भरवशाची वाटते. शेवटी जाड्यांत एक-दोन टक्के यादृच्छिक चूक मिसळून परावर्तनाचा आलेख कितपत ढळतो, ते तपासावे.