किटमधून स्पीकर बांधताना

किटमध्ये वूफर (खालचे सूर वाजवणारा), ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा) आणि क्रॉसओव्हरचे, म्हणजे आवाज या दोघांत वाटून देणाऱ्या सर्किटचे, सुटे भाग येतात. खोका आपण बांधायचा असतो, म्हणून त्याच्यात मनाजोगते फेरफार करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पुढच्या फळीची रुंदी, तिच्यावरची वूफर-ट्वीटरची जागा आणि आतले आकारमान या तीन गोष्टींना मात्र हात लावू नका. क्रॉसओव्हर नेमका त्या फळीसाठी बेतलेला असतो. खालचे सूर फळीला वळसा घालून मागे पसरतात आणि समोर त्यांचा जोर कमी पडतो. क्रॉसओव्हर ही तूट भरून काढतो. ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागले की ही उतरण कुठे येते ते अंदाजे हर्ट्झमध्ये कळते. २१.६ सेंमी फळीला ती ५३० च्या आसपास येते, ३० सेंमी फळीला ३८० च्या. फळी रुंद केली की किटमधली भरपाई चुकीच्या जागी पडते आणि मग कितीही महागडे कपॅसिटर बसवा, आवाज जागेवर येत नाही. खोक्याची खोली कमी करून, आतले आकारमान तेच राहील इतकी उंची वाढवायला हरकत नाही, पण ट्वीटरचे वरच्या कडेपासूनचे अंतर तेच राहिले पाहिजे.

उदाहरणादाखल १२ लिटरचा पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी नळी असलेला, खोका घेऊ. १८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), आतले माप १८ × ३० × २२.५ सेंमी. एका खोक्याला लागणारे तुकडे असे: पुढची आणि मागची फळी २१.६ × ३३.६ सेंमी, वरची आणि खालची २१.६ × २२.५, दोन्ही बाजू ३० × २२.५. वूफरचा मागचा भाग, नळी, क्रॉसओव्हर आणि आतला आडवा टेकू मिळून सुमारे एक लिटर जागा खातात, म्हणजे हवेला ११ लिटर उरतात. आराखड्यात दिलेले आकारमान निव्वळ आहे की ढोबळ, हे कापण्याआधी पाहून घ्या.

एकाच मापाचे सगळे तुकडे करवतीच्या एकाच सेटिंगवर कापून घ्या, दोन्ही स्पीकरचे मिळून. प्रत्येक वेळी नव्याने माप लावले की अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि तीच फट पुढे शिट्टी वाजवते. एमडीएफची धूळ फार बारीक असते. मास्क लावा आणि कापणी घराबाहेर करा.

भोके जोडणीआधी, फळी सपाट ठेवून पाडायची. ट्वीटर फळीच्या पातळीत बसेल अशी खाच राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) आधी घ्या, आरपार भोक नंतर. हा क्रम उलटला की राउटरच्या मधल्या खुंटीला टेकायला लाकूडच उरत नाही. वूफरच्या भोकाची आतली कड ४५ अंशांत उतरती करा, नाहीतर १८ मिमीच्या त्या बोगद्यात वूफरची मागची हवा कोंडते आणि मधल्या पट्ट्यातला आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. स्क्रू जिथे बसणार तिथले लाकूड मात्र पूर्ण जाड राहू द्या.

जोडणीला सुतारकामाचा पांढरा गोंद पुरतो. आधी गोंदाशिवाय सगळे उभे करून पाहा. गोंद लावून क्लॅम्प आवळले की दोन्ही कर्ण मोजा. फरक एक मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर क्लॅम्प थोडा तिरका सरकवून आत्ताच सरळ करा, तासाभराने उपयोग नाही. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, सगळा गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात गोंदाची एक जाड रेघ बोटाने फिरवा. दिसायला ओंगळ, पण हवाबंद होण्याची हमी तीच देते. रंग द्यायचा असेल तर कापलेल्या कडा आधी पातळ गोंदाने किंवा प्रायमरने मुरवा. एमडीएफची कड रंग पिऊन टाकते आणि घाईने रंगवलेल्या खोक्यावर काही महिन्यांनी सांध्याची रेघ वर येते.

पोर्टची नळी कापताना घाई नको. ११ लिटर हवा आणि ५ सेंमी आतल्या व्यासाची १२ सेंमी लांब नळी, असा खोका सुमारे ५८ हर्ट्झला लागतो, म्हणजे नळी त्या सुराला घुमते. तीच नळी १० सेंमी केली तर ६२. नळीच्या आतल्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत निदान नळीच्या व्यासाइतकी मोकळी जागा हवी. पॉलिएस्टरचा कापूस फक्त भिंतींना लावा, नळीच्या तोंडापाशी अजिबात नको. बंद खोक्यात तो सगळीकडे सैलसर भरतात. पोर्टवाल्यात तसा भरला तर खालचा आवाज मंदावतो.

आता क्रॉसओव्हर. प्लायच्या छोट्या तुकड्यावर नकाशाप्रमाणे भाग मांडा आणि डाग (सोल्डर) देण्याआधी फोटो काढून ठेवा. कॉइल एकमेकींपासून लांब आणि एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या. दोघी एकाच दिशेने शेजारी पडल्या तर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते आणि वूफरचा आवाज ट्वीटरच्या वाटेत झिरपतो. कॉइलच्या मध्यातून लोखंडी स्क्रू घालू नका, तिचे इंडक्टन्स (कॉइलचे विद्युत मूल्य) वाढते. नायलॉनची पट्टी किंवा गरम गोंद वापरा. वूफरच्या चुंबकापासूनही त्या दूर हव्यात. रेझिस्टर तापतात, म्हणून फळीपासून पाचेक मिमी उचलून बसवा. फिल्म कपॅसिटरला दिशा नसते, कसाही लावा.

नकाशात ट्वीटरची जोडणी उलटी दाखवली असेल, म्हणजे त्याचे धन टोक ऋण तारेला, तर ती चूक समजून सुधारू नका. दुसऱ्या श्रेणीच्या (प्रत्येक वाटेत एक कॉइल आणि एक कपॅसिटर असलेल्या) गाळण्यात वूफर आणि ट्वीटरच्या आवाजात १८० अंशांचा फरक पडतो आणि तो असा उलटवूनच जुळतो. ‘सुधारणा’ केली की क्रॉसओव्हरच्या वारंवारितेवर खड्डा पडतो.

वूफरला १.५ चौ. मिमी, ट्वीटरला ०.७५ चौ. मिमीची तार पुरे. ट्वीटरच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदच टेकवा. जास्त तापले की आतला प्लास्टिकचा आधार वितळून टोक सैल होते. एमडीएफमध्ये ४ मिमी स्क्रूसाठी २.५ ते ३ मिमीचे भोक आधी पाडा, नाहीतर पृष्ठभाग फुगतो आणि वूफरची कड टेकत नाही. शेवटचे आटे हाताने फिरवा आणि वूफरच्या पडद्यावर जाड पुठ्ठा धरा. चुंबक स्क्रूड्रायव्हर खेचून घेतो, आणि तो रबराच्या कडेतून आरपार गेला तर वूफर गेलाच. किट बांधताना होणारे सगळ्यात महागडे नुकसान बहुधा हेच.

अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो, वाटेतल्या कॉइलचा थोडा रोध त्यात मिळतो. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, अ‍ॅम्प्लिफायर लावू नका. वूफरची तार काढून मोजले की ट्वीटरची वाट उघडी दिसली पाहिजे, कारण मध्ये कपॅसिटर आहे. आकडा आला तर वीज कपॅसिटरला वळसा घालून जाते आहे आणि ट्वीटर पहिल्याच गाण्यात जळेल. वूफरच्या सुट्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धनाला धन लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. ट्वीटरवर हा प्रयोग नको.

सांधे तपासायला पोर्ट तळहाताने गच्च बंद करून वूफरचा पडदा दोन बाजूंनी अलगद आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर ठीक, टुणकन आला तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती टर्मिनलच्या कपाभोवती (मागे तारा जोडायच्या वाटीभोवती) सापडते; तिथे फोमची पट्टी लावा.

दोन्ही स्पीकर लावून एकाच माणसाचा मोनो आवाज वाजवा. तो बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. पसरट वाटला आणि खालचा आवाज पातळ झाला तर एका स्पीकरच्या तारा उलट्या आहेत. ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा आणि स्पीकर भिंतीपासून ३० सेंमीवरून सुरुवात करून थोडे थोडे सरकवत ऐका. वरचे सूर बोचत असतील तर आधी जागा बदलून पाहा, मग ट्वीटरच्या आधीचा रेझिस्टर अर्ध्या ओहमने वाढवा, दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच. बदललेला आकडा खोक्याच्या मागे लिहून चिकटवा. दोन वर्षांनी तो कोणालाच आठवत नाही.