ड्रायव्हर बदलला आणि मराठी नावं गेली

नागपुरात महाल भागातल्या एका वाचनालयाची पुस्तकनोंद मी सांभाळतो. सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, पण जुनं. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा मूळ ड्रायव्हर ७.० आवृत्तीतून (२०१५) काढला गेला, म्हणून मी त्याजागी पीडीओ हा दुसरा मार्ग लावला. जोडणीला यूटीएफ८एमबी४ हे देवनागरीही मावणारं कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) दिलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल काकूंचा फोन, "अरे, सगळी नावं गेली ना रे!"

नावं गेली नव्हती. जुना ड्रायव्हर लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांचं कॅरेक्टर सेट) समजूनच बोलायचा, त्यामुळे मराठीचे बाइट लॅटिन१च्या रकान्यात जसेच्या तसे पडून होते. हेक्स (बाइटांचे सोळा-आधारी आकडे) काढून पाहिलं: 'न'च्या जागी ई०, ए४, ए८, बरोबर तीन बाइट. जीव भांड्यात पडला.

इथे रकान्याचं कॅरेक्टर सेट थेट बदलू नका. मायएसक्यूएल प्रत्येक बाइटला एक लॅटिन अक्षर समजून रूपांतर करतं आणि घोळ आणखी वाढतो. आधी बॅकअप, मग व्हारकॅरचा (मजकुराचा) रकाना व्हारबायनरी (नुसत्या बाइटांचा) केला, मग यूटीएफ८एमबी४चा व्हारकॅर.

तरी काही नोंदी अडल्या. रकान्याच्या २५५ बाइटांत देवनागरीची ८५च चिन्हं मावतात, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. लांब शीर्षकं शेवटच्या अक्षराच्या मधोमध तुटलेली होती. ती काकूंनी पुस्तकं कपाटातून काढून मला वाचून दाखवली, मी टाइप केली. ते काम दोन दुपारी चाललं, आणि मला ते मनापासून आवडलं.